लाल पट्ट्याच्या अलीकडे

जावई चहा प्यायचा तो एक घोट शिल्लक ठेवून. आक्काची पहिली तक्रार हीच होती, आणि लेकीच्या लग्नाला चार वर्षं होऊनही ती शिळी झाली नव्हती. कपाच्या तळाशी बोटभर चहा, त्यावर सुरकुतलेली साय, आणि तो कप खिडकीत, आल्यागेल्याला दिसेल असा. टेबलाचा खण तो लावायचा, पण बोटभर उघडा. नळ बंद करायचा, पण शेवटचा पाव फेरा नळाच्या समजूतदारपणावर सोडून. दाढी केली की डाव्या कानाखालचे चार केस पुढच्या खेपेसाठी राखून ठेवायचा. बोलतानाही तेच. "तसं ते झालंच आहे, आई, जवळजवळ," एवढं म्हणून थांबायचा. त्या 'जवळजवळ'च्या पोटात काय काय राहिलंय ते शोधत आक्कानं मागून फिरायचं.

"एक घोट तर राहतो, आई," लेक म्हणायची. "त्यावरून काय माणसाची परीक्षा घेतेस?"

"मी कुठली परीक्षा घेणार, तिसरी शिकलेली बाई? मी फक्त कप विसळते."

तिसरी शिकलेली हे आक्का असं म्हणायची, की ऐकणाऱ्याला आपल्या पदवीची लाज वाटावी. घराच्या खालच्या मजल्यावर तिचा कारखाना होता. दोन खोल्या, चार टेबलं, तारा जोडायच्या सहा तापत्या कावीया आणि त्यांनी झाळ लावणाऱ्या तीन बायका. तिथं बॉयलरच्या दाबाच्या पेट्या बनायच्या. बॉयलरच्या नळीवर एक सेन्सर बसवायचा, तिथून तार पेटीत आणायची, आणि पेटीच्या तबकडीवर सुई दाखवणार की आत वाफेचा दाब किती. शून्यापासून दहापर्यंत आकडे, साडेआठच्या पुढे लाल पट्टा. सुई लाल पट्ट्यात शिरली की भोंगा. एवढंच यंत्र, पण तीस वर्षांत आक्काच्या पेटीनं एकाही बॉयलरवाल्याला फसवलं नव्हतं. हे तिच्याइतकंच गावाला ठाऊक होतं, आणि कुणाला नसलं तर ती सांगायची.

नवऱ्यानं तिला झाळ लावायला शिकवलं होतं. नवरा गेला, कावी राहिली. इंग्रजी अक्षरं तिला वाचता येत नसत. पण आयसीच्या पाठीवरची अक्षरं ती चेहरे ओळखावेत तशी ओळखायची. ज्याला शिकलेले लोक ऑप-अँप म्हणत, त्या आठ पायांच्या काळ्या तुकड्याला ती किडा म्हणायची. सेन्सरकडून येणारा कुजबुजीएवढा इशारा मोठा करून सुईपर्यंत पोचवायचा, हे किड्याचं काम. किड्याला ती बारा व्होल्टचा सप्लाय द्यायची, आणि काम सांगायची फक्त पाच व्होल्टपर्यंतचं.

"त्याला डोक्यावर मोकळं आभाळ लागतं," ती नव्या बाईला समजावायची. "बारा दिले म्हणून बारापर्यंत जात नाही तो. दीडएक व्होल्ट खालीच डोकं टेकतं त्याचं. आपल्याला पाचच हवेत, म्हणून बारा द्यायचे. कळलं? नाही कळलं तरी बारा द्यायचे."

पेटी तयार झाली, की ती गळा मोकळा करायची. म्हणजे काय, तर सेन्सर हातपंपाला जोडायचा, शेजारी जुना पितळी गेज लावायचा. हा गेज पंधरापर्यंत दाखवायचा. त्यात ना तार, ना सप्लाय, नुसती वाकडी नळी, म्हणून तो खोटं बोलू शकत नसे. मग पंप मारत मारत सुई लाल पट्ट्यात न्यायची आणि भोंगा कानानं ऐकायचा. तबकडीवरचा लाल पट्टाही ती स्वतः, बारीक कुंचल्यानं, सुई कुठं पोचते ते बघून मगच रंगवायची. भोंगा वाजला की पेटीच्या कार्डावर सही. सही म्हणजे तिचं पहिलं अक्षर आणि त्याखाली एक रेघ, पण त्या रेघेवाचून गिऱ्हाईक पेटी घेत नसे.

मग जावई कारखान्यात आला. शिकलेला होता, हाताला हुशार होता, हे आक्का नाकारत नव्हती. फक्त त्याच्यासमोर कबूल करत नव्हती. त्यानं पहिल्या महिन्यातच सांगितलं की पेटी फार जड आहे.

"ट्रान्सफॉर्मरमुळे, आई. तो काढून टाकू. मोबाईलच्या चार्जरसारखा पाच व्होल्टचा सप्लाय बसवू. पेटी निम्मी होईल."

"आणि किड्याचं डोकं?"

"तो जमाना गेला. आता रेल टू रेल आयसी मिळतात. वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत पूर्ण जातात. पाच दिले की पाच."

"पूर्ण?"

"पूर्ण. म्हणजे जवळजवळ."

आक्कानं लेकीकडे पाहिलं. लेकीनं छताकडे.

पेटी निम्मी झाली. जावयानं तिच्यात आणखी सोयीही घातल्या: तबकडीच्या मागं दाब वाढेल तसा उजळणारा दिवा, आणि बॉयलरच्या मालकाला त्याच्या खोलीत बसून बघता यावं म्हणून लांब तारेवरची दुसरी सुई. लाल पट्ट्याची तबकडी छापून आली, सगळ्या एकसारख्या, चकचकीत. आक्काचा कुंचला बरणीत वाळला. आणि गळा मोकळा करणं बंद झालं, कारण दुपारभर भोंगे वाजले की जावयाला फोनवर बोलता येत नसे.

"मी मीटरनं तपासतोच आहे, आई. किड्याच्या... आयसीच्या पायावर मीटर लावायचं, दाब पूर्ण द्यायचा. चार पूर्णांक अठ्ठ्याण्णव येतात. पाचाला दोन बिंदू कमी. यापेक्षा काय हवं?"

"मला काय हवं असणार? मी वर जाऊन कपडे वाळत घालते."

आणि आक्का खरंच वर गेली. ती रुसली असं कुणी म्हणू नये. ती आराम करत होती. दीड महिना तिनं इतका कडक आराम केला, की खालच्या बायका जिन्यावरून जपून चालायच्या. पहिल्या पंधरवड्यात बारा पेट्या तयार झाल्या तेव्हा जावयानं बारा कार्डं लेकीच्या हाती वर पाठवली. आक्कानं पेट्या पाहिल्या नाहीत, पंप पाहिला नाही. चष्मासुद्धा न लावता बारा सह्या केल्या, बारा रेघा ओढल्या आणि कार्डं लेकीच्या हातात अशी ठेवली, जशी काही ती घराच्या किल्ल्याच देत होती.

"बघितलं नाहीस तू," लेक म्हणाली.

"त्यांनी बघितलंय ना मीटरनं? मग झालं की. जवळजवळ."

आपल्याला काही पडलेली नाही हे दाखवायला माणूस किती कष्ट घेतो.

त्यानंतर महिन्याभरानं, दुपारी जेवणाच्या सुट्टीत, आक्काचा धाकटा भाऊ आला. तो दोन रस्ते सोडून असलेल्या मोठ्या धुलाई कारखान्यात बॉयलर सांभाळायचा. दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी तिथं वाफेवर धुतल्या, वाळवल्या आणि इस्त्री केल्या जात. नवीन बारा पेट्यांपैकी पहिली त्यांच्याकडेच गेली होती. भाऊ घामेजलेला आणि खुशीत होता.

"दाजी कुठंत?" त्यानं विचारलं. भाचीच्या नवऱ्याला तो प्रेमानं दाजी म्हणायचा. नात्यात ते बसत नव्हतं, पण त्याला ते बोलावणं आवडायचं. "मालकानं शाबासकी पाठवलीय. अशी पेटी म्हणे आजवर झाली नाही."

जावई जिना चढून वर आला तो शाबासकी ऐकायला पुरेल एवढ्या वेगानं.

"पूर्वी आठवड्यातून दोनदा तरी भोंगा बोंबलायचा," भाऊ सांगू लागला. "दुपारचं ओझं आलं, बर्नर वाढवला, की सुई लालमध्ये. मग बर्नर कमी करा, चादरी ओल्या, मालक तापलेला. नवी पेटी लागल्यापासून सुई एकदाही लालमध्ये गेली नाही. एकदाही. मी आता बर्नर सोडतो पूर्ण, आणि चादरी काय वाळतात म्हणून सांगू."

"स्थिर प्रतिसाद," जावई नम्रपणे म्हणाला. त्याची नम्रताही दोन बिंदू कमी असायची.

"जुना पितळी गेजसुद्धा काढून टाकला मालकानं. इतकी देखणी पेटी असताना ते काळं तोंड कशाला, म्हणाला. फक्त एक बारीक भानगड होती, ती मीच निस्तरली. सेफ्टी वाल्व्ह मागच्या आठवड्यात उगाचच फुसफुसायला लागला. आता सुई लालच्या अलीकडे, म्हणजे दाब बेताचा, मग वाल्व्ह कशाला उघडावा? स्प्रिंग सैल झाली असणार. दिले दोन फेरे आवळून."

आक्का बशीत चहा ओतत होती. बशी भरून टेबलावर आली तरी ती ओतत राहिली.

"सुई कुठं असते म्हणालास?"

भावानं टेबलावरच्या चहातच बोटानं तबकडी काढली. आठ, आणि आठच्या जरा पुढं एक ठिपका. "इथं. हलत नाही. दुपारभर इथं. गरीब गाईसारखी."

"आणि आता बॉयलर चालू आहे?"

"सोबत्याकडं देऊन आलोय. तीनला मोठं ओझं आहे, जातो मी." तो चहा संपवून उठला. त्यानं पूर्ण संपवला, हे आक्काच्या नजरेतून सुटलं नाही.

तो गेल्यावर लेक टेबल पुसत सहज म्हणाली, "गंमत बघ. बेकरीवाल्यांचा परवा फोन आला, ते पण हेच म्हणत होते. सुई आठच्या पुढं जाऊन शांत उभी राहते, भोंगा नाही की काही नाही. आणि तो रंगवाला, तोही."

"तिथंच?"

"तिथंच म्हणाले. लालच्या केसभर अलीकडं."

आक्कानं तीस वर्षं बॉयलर पाहिले होते. कुणाचं पाणी जड, कुणाची नळी चोंदलेली, कुणाचा माणूस झोपाळू. तीन गावच्या तीन सासवा एकाच शब्दाला गप्प होत नाहीत, आणि तीन बॉयलर एकाच केसाच्या अलीकडे थांबत नाहीत. थांबत असतील तर ते बॉयलर थांबत नाहीयेत, दुसरंच कुणीतरी थांबतंय.

दीड महिन्याचा आराम संपला. ती जिना उतरली तेव्हा खालच्या तीनही बायकांनी न बघता कावीया स्टँडवर ठेवल्या.

"एक नवी पेटी घ्या. हातपंप काढा. दिवा जोडा, लांब तारेवरची सुई जोडा, भोंगा जोडा. गिऱ्हाइकाकडं जे जे लागतं ते सगळं जोडा."

"आई, मी तपासलेली आहे ती," जावई मागोमाग येत म्हणाला. "हे बघा." त्यानं सर्किटच्या उघड्या पाटीवर मीटर टेकवून दाखवलं, दाब पूर्ण दिला. चार पूर्णांक अठ्ठ्याण्णव.

"छान. आता सगळं जोडलेल्यावर टेकवा."

त्यानं जोडलं. आक्कानं पितळी गेज लावला आणि पंपाचा दांडा स्वतः हातात घेतला. पाच. सहा. सात. पेटीची सुई आणि पितळी गेज दोघं हातात हात घालून चालले होते. आठ. मग पेटीची सुई आठच्या जरा पुढं गेली आणि थांबली. आक्कानं पंप मारला. पितळी गेज नऊ. पंप मारला. दहा. तबकडीमागचा दिवा सुरेख उजळला होता, सुई गरीब गाईसारखी उभी होती, भोंगा मुका. अकरा. खोलीत फक्त पंपाचा आवाज होता.

जावयाच्या हातातल्या मीटरवर चार पूर्णांक दोन होते. लाल पट्टा चार पूर्णांक पंचवीसला सुरू व्हायचा.

त्याचा चेहरा बघून आक्काला पहिल्यांदाच वाटलं, की या माणसाला काहीतरी पूर्ण कळलंय.

"लोडवर... म्हणजे ओझं जोडल्यावर वर पोचत नाही तो," जावई म्हणाला. "दिवा आणि दुसरी सुई, दोन्ही त्याच पायावरून चालतात. मीटर तर काहीच ओढत नाही. मी फक्त मीटर लावून..."

"आणि तिकडं भावानं वाल्व्ह आवळलाय," आक्का म्हणाली. "फोन लावा."

फोन वाजत राहिला. बॉयलरच्या खोलीत इतकं तापायचं की तिचा भाऊ शर्ट काढून बाहेर खुंटीला अडकवायचा, आणि फोन शर्टाच्या खिशात असायचा. हे सगळ्यांना ठाऊक होतं. मालकाचा फोन लागला, तो परगावी होता. त्यानं पेटीबद्दल पुन्हा एकदा शाबासकी दिली.

"वाल्व्ह दोनच फेरे आवळलाय," जावई स्कूटर काढता काढता म्हणाला. तिला धीर देतोय की स्वतःला, ते त्यालाही कळत नसावं. "वाल्व्हला थोडी मार्जिन असते, आई."

"असेल. वाल्व्हवरच सगळं चालायचं असेल तर आपण पेट्या भिंतीवर शोभेला विकू. चला."

आक्का स्कूटरवर मागं बसली, मांडीवर पितळी गेज आणि पान्हा. जावयानं त्या दिवशी वळणावर वेग कमी केला नाही आणि ती त्याबद्दल काही बोलली नाही. दोघांच्याही स्वभावात न बसणारी गोष्ट होती ती.

धुलाई कारखान्याच्या मागच्या बाजूला बॉयलरची खोली होती. दारातच उष्णतेचा हात तोंडावर पडला. आत तिचा भाऊ उघड्या अंगानं स्टुलावर बसून, बर्नरच्या गुरगुराटात, पेटीच्या देखण्या तबकडीकडं कौतुकानं बघत होता. सुई जागेवर. लालच्या केसभर अलीकडं. बॉयलर कधी नव्हे ते सूक्ष्म थरथरत होता. स्टुलाजवळ ठेवलेल्या पेल्यातल्या पाण्यावर बारीक वर्तुळं उठत होती.

"ताई? तू इथं?"

"बर्नर बंद कर."

"अगं पण तीनशे चादरी..."

"बर्नर बंद कर म्हणाले. चादरी ओल्या राहिल्या तर मी अंगावर घेऊन वाळवते."

तो हसला, मग तिच्या मागं उभ्या जावयाचा चेहरा पाहिला आणि त्यानं खटका दाबला. गुरगुराट थांबला. जुना गेज जिथून काढला होता तिथं नळीला बूच होतं आणि बुचाआधी वाफेची चावी, कॉक. जावयानं कॉक फिरवून बंद केला. पूर्ण. मग पुन्हा एकदा ओढून पाहिला. बूच काढलं, आक्कानं आणलेला पितळी गेज बसवला, आवळला आणि कॉक हळूच उघडला.

काटा उठला. सात, आठ, नऊ यांच्याकडं त्यानं बघितलंही नाही. साडेअकराच्या पुढं जाऊन तो थरथरत उभा राहिला. भिंतीवरची सुई आठच्या जरा पुढं, दिवा उजळून, प्रसन्न.

तिचा भाऊ दोन्हींकडं आळीपाळीनं बघत राहिला. मग तो हळूच म्हणाला, "मी त्याच्याकडं पाठ करून डबा खातो रोज."

त्यानं इस्त्रीच्या यंत्रांकडं जाणारी वाफ थोडी थोडी सोडली. काटा खाली यायला चाळीस मिनिटं लागली आणि ती चाळीस मिनिटं आक्का उलट्या बादलीवर बसून होती. जावयानं बसायला सांगितलं तरी बसला नाही. साडेनऊ झाले, आठ झाले, आणि मग गंमत म्हणजे दोन्ही सुया पुन्हा हातात हात घालून खाली यायला लागल्या, जणू मधल्या काळात काही घडलंच नव्हतं. चारवर आल्यावर भावानं वाल्व्हचे दोन फेरे सैल केले, आणि आणखी जरा करू का म्हणून विचारलं.

"जितके आवळलेस तितकेच," आक्का म्हणाली. "आणि उद्या वाल्व्हवाल्याला बोलावून नीट लावून घे. आता तुझाही हुशारपणा नको. घरात एक पुरे आहे."

उरलेल्या अकरा गिऱ्हाइकांना तिथूनच फोन गेले. लेक घरून नंबर सांगत होती, जावई बोलत होता. भट्टी बंद ठेवा, पेटी चुकीचं दाखवते, आम्ही येतोय. 'चुकीचं' हा शब्द तो पहिल्या फोनवर अडखळत म्हणाला, तिसऱ्यावर सरळ, आणि अकराव्यावर तर तेवढाच म्हणाला. बेकरीवाल्यानं त्याला काय काय ऐकवलं ते बादलीवर बसलेल्या आक्कालाही ऐकू आलं. तिला मध्ये पडावंसं वाटलं नाही असं नाही. पण ती पडली नाही.

घरी आल्यावर जावयानं खणातून आयसीचा छापील कागद काढला. तीन पानं होती. पहिल्यावर रेल टू रेल या शब्दांखाली त्यानं पिवळी रेघ मारलेली. दुसऱ्यावरही खुणा. तिसरं पान कोरंकरकरीत, घडीही न मोडलेलं. त्यावर एक आलेख होता.

"हे काय?" आक्कानं विचारलं.

"आउटपुट वरच्या टोकापासून किती खाली राहतं, ते," लेकीनं वाचून सांगितलं. "इकडून ओझं वाढत जातं, आणि ही रेघ म्हणजे राहिलेलं अंतर."

आक्काला इंग्रजी अक्षरं येत नव्हती, पण तबकड्या रंगवून तिचं बोट रेघेवरून चालायला सरावलं होतं. ओझं नाही, तिथं रेघ जमिनीला चिकटलेली. ओझं वाढलं तशी रेघ चढलेली. तिनं दिव्याचं आणि दुसऱ्या सुईचं ओझं किती ते विचारलं, तिथवर बोट नेलं, सरळ वर गेली, मग डावीकडं.

"पाऊण व्होल्टाच्या थोडं वर," लेक म्हणाली. "शून्य पूर्णांक आठ."

"पाचातून आठ बिंदू... ते काय म्हणतात तुमच्यात, दशांश, ते गेले की किती?"

"चार पूर्णांक दोन," जावई म्हणाला. तो कागदाकडं बघत नव्हता.

"म्हणजे बिचाऱ्यानं सांगून ठेवलं होतं."

कोपऱ्यात जुन्या ट्रान्सफॉर्मरांची पेटी होती, भंगारात द्यायची राहिलेली. तीही जवळजवळ दिलेलीच होती. आक्कानं जावयाला तिथं उभं केलं.

"हात वर करा. तुळईला बोटं टेकतात?"

टेकत होती. टाचा उचलल्यावर बोटांची पेरंही टेकली.

"आता ही पेटी उचलून तेवढंच वर न्या."

त्यानं पेटी उचलली. कोपरं वाकली, दंड थरथरले, आणि पेटी तुळईच्या वीतभर खाली थांबली. त्यानं आणखी जोर लावला. ती तिथंच. झाळ लावणाऱ्या बायका मान खाली घालून काम करत होत्या. त्यांच्या कावीया मात्र गार पडल्या होत्या.

"ठेवा खाली. कंबर धरेल."

पेटी ठेवून तो तिच्यावरच बसला. लेकीनं सगळ्यांना चहा आणून दिला. तो चहा प्यायला. आणि म्हणाला, "चूक माझी आहे, आई. बहुतेक."

लेकीनं डोळे मिटून घेतले. एवढा दिवस निभावला आणि शेवटच्या शब्दाला त्यानं खण बोटभर उघडा ठेवला होता.

आक्कानं त्याच्या हातातल्या कपात डोकावून पाहिलं. तळाशी एक घोट होता. ती बारा कार्डं लेकीनं परत मागवायच्या पेट्यांच्या यादीबरोबर टेबलावर आणून ठेवली होती, म्हणजे त्यांच्या दुसऱ्या प्रती; प्रत्येकीवर एक अक्षर आणि त्याखाली ठसठशीत रेघ. ती आक्कानं एकेक करून उलटी घातली. मग वाळलेला कुंचला बरणीतून काढून बोटांत चोळत बसली. कुंचल्याचे केस सुटे व्हायला वेळ लागला.

"बहुतेक म्हणालात ते बरोबर आहे, जावईबापू," ती म्हणाली. "उरलेली माझी. न बघता सही केली ती मी. माझा भाऊ त्या बॉयलरकडं पाठ करून महिनाभर जेवला तो माझ्या रेघेवर विसंबून, तुमच्या मीटरवर नाही. म्हणून आज तुम्हाला मी काही बोलणार नाही, आणि ते किती कठीण आहे ते तुमच्या बायकोला विचारा. उद्यापासून ट्रान्सफॉर्मर परत पेटीत. पट्टा मी रंगवणार, सुई सगळं ओझं घेऊन कुठं पोचते ते बघून. गळा तुम्ही मोकळा करायचा, बाराच्या बारा पेट्यांचा, भोंग्याला कान लावून. फोन आला तर त्यालाही ऐकू द्या. आणि एक सांगते. त्या किड्यानं आपण कुठं कमी पडतो ते तिसऱ्या पानावर का होईना लिहून ठेवलं होतं. तुमचं तिसरं पान लग्नाआधी मला कुणी दाखवलं नाही. आता कप रिकामा करा, आणि पंप इकडं आणा."